आधी 'देव भलं करो' म्हण

"अहो, तुम्ही कसली प्रदक्षिणा घालताय तिथे?"

ब्रोनाने हाक मारली तसा दलदलीतला तो उंच माणूस थबकला. मे महिन्यातली सकाळ. पाऊस पडत नव्हता, पण थांबलाही नव्हता… क्लूनमोरच्या दलदलीवर बहुतेक सकाळी असंच असतं. फळ्यांच्या वाटेवर उभी राहून ब्रोना मघापासून बघत होती. हा गडी हातात मोजपट्टी घेऊन चालतोय, चालतोय, आणि फिरून फिरून त्याच एका शेवाळी उंचवट्यापाशी येतोय.

"प्रदक्षिणा नाही हो," तो तिथून ओरडला. "मी… मी गाडीकडे चाललोय."

"गाडी तुमच्या पाठीमागे आहे!"

"आत्ता तर समोर होती!"

चकव्याच्या ढेकळावर पाय पडलेली माणसं ब्रोनाने याआधीही पाहिली होती. पायाखालचं एक ढेकूळ चुकीचं निघालं की ओळखीचं रानसुद्धा माणसाला गरगर फिरवतं, मग तो दिवसभर चालला तरी घर काही येत नाही.

"कोट काढा," तिने फर्मावलं. "उलटा करून घाला. अस्तर बाहेर!"

"इथे? या गारठ्यात?"

"वाद घालू नका हो! कोट उलटा केला की त्यांना तुमची ओळख पटत नाही. मग सोडतात."

"कोण सोडतात?"

"हळू बोला!"

त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि निमूटपणे कोट उलटा चढवला. अस्तर निघालं भडक जांभळं. आणि काय सांगावं, पुढच्याच क्षणी मान वळवून तो सरळ, नाकासमोर चालत फळ्यांपर्यंत आला. तिच्यापुढे धापा टाकत उभा राहिला आणि हसला.

"मी लोर्कन. कॉर्कचा. इथले जुने चर बुजवून दलदलीत पाणी परत अडवायचंय, त्यासाठी आलोय. नळ्या रोवायच्या आणि पाणी किती चढलं ते मोजायचं, हे माझं काम. तुम्ही?"

"ब्रोना. लोकांना दलदल दाखवते. आणि तुमच्यासारख्यांना दलदलीतून बाहेर काढते."

तिच्या भिजल्या तांबूस बटांवर थेंब थांबले होते. तो बघतच राहिला. "तुमचे केस… इतके सुंदर केस मी आजवर—"

ब्रोनाचा चेहरा पांढराफटक पडला. "देव भलं करो म्हणा!"

"अं?"

"आधी म्हणा! लगेच!"

"दे… देव भलं करो!"

तिने सोडलेला श्वास त्यालाही ऐकू आला. "कौतुक असं उघडं टाकायचं नाही," ती म्हणाली. "उघड्या कौतुकावर त्या चांगल्या माणसांचं लक्ष जातं. आणि लक्ष गेलं की ते उचलतात."

"म्हणजे केस जातील?"

"माणूसच जाईल!"

"बरं. मग नीट म्हणतो." त्याने घसा साफ केला. "केस सुंदर आहेत, देव भलं करो. रागावल्यावर नाकाचा शेंडा लाल होतो तोही सुंदर आहे, देव भलं करो. आणि आवाज तर—"

"पुरे!" ब्रोनाने पाठ फिरवली. आपल्याला हसू आलंय हे तिला कळलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

भीती का वाटू नये? ब्रोना या दलदलीत वडिलांचं बोट धरून हिंडायला शिकली होती. कुठलं शेवाळ वजन पेलतं, कुठलं गिळतं, कोल्हीण पिल्लांना कुठे लपवते, माळावरच्या एकट्या काट्याच्या झाडाला हात का लावायचा नाही, सगळं बाबांनी शिकवलेलं. पाहुणे 'परी' म्हणाले की ती ओठांवर बोट ठेवी. ते नाव घ्यायचं नाही, 'चांगली माणसं' म्हणायचं. पाहुण्यांना गंमत वाटे. ब्रोनाला नाही वाटायची. एका इस्टरला ती पटकन बोलून गेली होती, "बाबा, आज काय ऐटदार दिसताय!" मागचे तीन शब्द राहून गेले, आणि त्याच हिवाळ्यात बाबा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर होतं. त्याआधी एमन नावाच्या एका मुलाला नाचताना ती म्हणाली होती, "तुझ्यासारखा तूच." तेव्हाही शब्द राहिलेच. महिनाभरात एमन ऑस्ट्रेलियाला गेला तो गेलाच.

"अगं, एमनला चांगल्या माणसांनी नाही नेलं, विमानाने नेलं," डेलिया मावशी म्हणायची. दलदलीच्या तोंडाशी मावशीचं चहाचं दुकान होतं आणि तिला सगळ्या गावाचं सगळं ठाऊक असे. पण मनात बसलेलं असं सांगून निघतं होय? तेव्हापासून ब्रोनाने कोणाचं म्हणून कौतुक केलं नाही. आवडलेल्या माणसाला तर ती मुद्दाम नावं ठेवी. आपल्याकडे नाही का, जगावं म्हणून पोराचं नाव दगडू ठेवत? तसंच.

लोर्कनला हे कुठे ठाऊक होतं! तो रोज नळ्या मोजून झाल्या की दुकानात येई आणि तिच्यासमोर बसे.

"मावशी, स्कोन पाव झकास झालाय, देव भलं करो. लोणी झकास, देव भलं करो. आणि ही समोर बसलीय ती…"

"गप खा," ब्रोना म्हणे. "बदकासारखा चालतोस आणि बदकासारखा खातोस."

"बदक! काल तर बगळा म्हणाली होतीस. बढती आहे की घसरण?"

"पाय बगळ्याचे, चाल बदकाची. देवाने उरलंसुरलं जोडून तुला केलंय."

तो खो खो हसे. तो हसला की ब्रोनाला काळजात काहीतरी सैल झाल्यासारखं वाटे आणि लगेच धास्ती वाटे… कोणी बघत तर नाही ना? खिडकीबाहेरच्या पांढऱ्या बोंडांच्या गवतात काही हललं तर नाही? मग ती आणखी एक टोमणा मारून घेई. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

जुलैत एकदा माशा खाणारं इवलंसं दवबिंदूचं झाड दाखवायला ती गुडघ्यावर बसली. तोही बसला. त्या लालचुटूक चिकट तंतूंकडे बघता बघता दोघांची बोटं शेवाळावर एकमेकांना लागली. कोणीच हात काढला नाही.

"माशीला कळत असेल का गं… आपण अडकलोय ते?" त्याने हळूच विचारलं.

"माशी असते मूर्ख."

"आणि तरी सुखी दिसते."

ब्रोनाने हात काढून घेतला. रात्री झोप आली नाही. हा माणूस आपल्याला हवा आहे, अगदी जीव जाईल इतका हवा आहे, हे तिला कळून चुकलं. आणि आपल्याला जे हवं असतं त्याचं काय होतं, तेही तिला ठाऊक होतं.

ऑगस्ट सरत आला. चर बुजले, पाणी चढलं. एके दुपारी लोर्कन चहा न घेताच तिच्यापुढे उभा राहिला.

"स्कॉटलंडला बोलावलंय. तिकडच्या दलदली मोठ्या आहेत. नाहीतर इथेच, शेजारच्या दलदलीचं काम आहे. आज संध्याकाळी काय ते कळवायचंय."

"मग?" ब्रोनाने कप बशीत ठेवला.

"मग तू सांग. एक चांगला शब्द बोल माझ्याबद्दल. एकच! मागे शंभर वेळा देव भलं करो लाव हवं तर. मी राहतो."

तो थट्टा करत नव्हता. ब्रोनाने तोंड उघडलं. सगळे शब्द जिभेवर आले होते… तू आलास की दिवस उजाडतो, तू हसलास की मला बाबांची आठवणसुद्धा दुखत नाही. आशीर्वादाचं कुंपण घालून बोलता आलं असतं की! पण कुंपण आहे म्हणून कोणी आपलं वासरू लांडग्याला दाखवायला नेत नाही.

"तुझे… तुझे कान फार मोठे आहेत," ती म्हणाली.

तो हसला, पण डोळ्यांत हसू आलं नाही. "बरं," एवढंच म्हणाला आणि गेला.

"झालं समाधान?" मावशी कडाडली. "सोन्यासारखा पोर… देव भलं करो त्याचं… आणि तू त्याला कान दाखवतेस! अगं, तो जाईल ना!"

"बोलले असते तरी गेला असता, मावशी."

"न बोलता तर गेलाच की!"

ब्रोनाने आपला गार झालेला चहा मोरीत ओतला.

शनिवारी सकाळी केरीहून निवृत्त शिक्षकांची टोळी आली. टोपीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेल्या मिसेस क्विल्टी त्यांच्या म्होरक्या. आणि सगळ्यांच्या मागे, पाठीवर पिशवी टाकून, लोर्कन.

"आज पाहुणा म्हणून आलोय," तो म्हणाला. "कामाची गाडी परत केली, दुपारची बस आहे. इतके महिने इथे काढले, पण तुझ्या गोष्टी एकदाही बसून ऐकल्या नाहीत."

"ऐकून काय करणार? मन तर कधीच स्कॉटलंडला—" तिने वाक्य अर्धंच सोडलं. "फळ्यांवरून खाली उतरायचं नाही. तुलाही नियम लागू आहे."

"हो, बाई."

वाट निम्मी झाली तसं धुकं उतरायला लागलं. ब्रोनाचा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. तिने त्या बाईची गोष्ट सांगितली, जिचं मूल इतकं देखणं होतं की ती त्याला माकडतोंड्या म्हणूनच हाक मारी. वर्षानुवर्षं मूल सुखरूप राहिलं. एका सकाळी कोवळ्या उन्हात त्याला पाहून आईचा तोल गेला. 'किती गोड गं माझं बाळ,' म्हणाली. संध्याकाळी पाळण्यात वाळकी काटकी.

"अरे देवा!" मिसेस क्विल्टींनी छातीशी हात नेला. "मग परत कसं मिळवायचं हो?"

"भाव पाडायचा," ब्रोना म्हणाली. "त्यांना पटवून द्यायचं, की तुम्ही उचललेला माल फुटका आहे. जितकी नावं ठेवाल तितकं लवकर परत करतात. बाबा म्हणायचे, आईने मग त्या मुलाची अशी काही निंदा केली की चांगल्या माणसांनी त्याला रात्रीतून उंबऱ्यावर आणून टाकलं."

सगळे हसले. ब्रोनाने नकळत शेवटच्या रांगेकडे पाहिलं. लोर्कन हसत नव्हता. कपाळाला आठी घालून तिच्याकडे टक लावून बघत होता, काहीतरी जुनं आठवल्यासारखा. तिने नजर काढून घेतली आणि पुढे चालू लागली.

वाटेच्या टोकाला बाकापाशी सगळे थांबले. ब्रोनाने रोजच्या सवयीने टोळीवर नजर फिरवली.

लोर्कन नव्हता.

"तो… तो उंच मुलगा कुठे गेला?"

"तो होय?" एक म्हातारे गुरुजी म्हणाले. "शेवटच्या नळीपाशी मोजपट्टी राहिली म्हणाला, आत्ता आणतो म्हणून उतरला. बराच वेळ झाला की त्याला."

ब्रोनाने वळून पाहिलं. मागे काहीच नव्हतं. नळ्या नाहीत, काट्याचं झाड नाही, नुसतं धुकं. "लोर्कन!" तिने हाक मारली. धुक्याने ती गिळून टाकली. पुन्हा हाक मारली. कुठूनतरी एक पाखरू लांब सूर काढून ओरडलं आणि गप्प झालं.

आपण तर एक शब्दही बोललो नव्हतो. मग का? तिला वाटलं, बोलायची गरजच काय? मघाशी मागे वळून पाहिलं तेव्हा आपल्या तोंडावरच सगळं लिहिलेलं असणार. त्यांना काय, वाचता येत नाही?

"कोणी जागचं हलू नका!" ती किंचाळली. मग तिने कोट काढला, उलटा करून अंगात घातला आणि हेझलच्या लाकडाची काठी टेकत फळ्यांवरून खाली उतरली.

शेवाळ बुटाखाली चुबुक चुबुक वाजत होतं. परवाच्या पावसाने आणि लोर्कनच्याच बंधाऱ्यांनी जिथेतिथे नवी तळी भरली होती, वरून हिरवीगार, आत थांग नाही. ज्याने पाणी आणलं त्यालाच पाणी… नाही, नाही! ती काठीने चाचपत गेली. शेवटच्या नळीशेजारचं काट्याचं झाड धुक्यातून काळं काळं वर आलं. तिथे तो नव्हता. मग मात्र ब्रोनाचा बांध फुटला.

"ऐका हो!" ती झाडाकडे तोंड करून ओरडली. "चांगल्या माणसांनो, फसलात तुम्ही! त्याच्यात काही नाही! त्याचे कान बघा, सुपाएवढे! चालतो बदकासारखा! चहा असा करतो की डबक्याचं पाणी बरं! गाणं म्हणतो तेव्हा गावातली कुत्री रडतात!"

धुकं गप्प होतं. तिचा आवाज चिरकत गेला.

"काय करणार त्याला नेऊन? दोन दिवसांत वैतागाल! एकच विनोद तीनदा सांगतो आणि तिन्ही वेळा आपणच हसतो! माझ्या मावशीला भांडी घासू लागतो आणि कपाचे कान मोडून ठेवतो! पावसात स्वतःची टोपी दुसऱ्याला देतो आणि मग आठवडाभर शिंकतो, इतका मूर्ख! रोज… रोज माझ्याकडून इतकं ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसतो! असल्या बिनडोक माणसाचं तुम्हाला काय काम? मला द्या! मला चालतो तो… मी घेईन सांभाळून… द्या ना हो परत…"

ती रडत होती. काठीवर डोकं टेकवून, नाक पुसायचंही भान न राहता रडत होती.

"कुत्री काही रडत नाहीत हं," डावीकडून आवाज आला. "फार तर एक."

ब्रोना धावली. काही पावलांवर, एका उंचवट्याच्या आडोशाला लोर्कन बसला होता. एक पाय मांडीपर्यंत शेवाळात रुतलेला, हातात मोजपट्टी, आणि अंगावरच्या कोटाचं जांभळं अस्तर बाहेर.

"मेल्या! हाक ऐकू आली नाही तुला?"

"तू माझं नाव घेत होतीस ती नाही आली. पण कानांपासून पुढचं सगळं आलं." त्याचे ओठ निळे पडले होते, पण डोळे… डोळे हसत होते. "सुपाएवढे आहेत ना, म्हणून. मग मध्येच तोडवेना गं."

"हलकट! इथे माझा जीव जातोय आणि तू…" ती पालथी पडली, काठी त्याच्याकडे सरकवली. "धर! पाय झटकू नकोस. हळूहळू मागे रेल. हां… असा…"

शेवाळाने मोठा मुका घेतल्यासारखा आवाज केला आणि पाय सोडला. बूट मात्र ठेवून घेतला. दोघे शेजारी शेजारी पडून राहिले, चिखलाने माखलेले, आभाळाकडे बघत.

"ब्रोना," तो म्हणाला, "ही सगळी नावं… मे महिन्यापासून… भाव पाडत होतीस?"

तिने तोंडावरचा चिखल बाहीने पुसला.

"मला मघाशी गोष्ट ऐकताना शंका आली. बदक, बगळा, कान. मी म्हटलं, ही माझी निंदा करतेय की राखण?"

ब्रोना उठून बसली. त्याच्या भिजल्या तोंडाकडे, थरथरणाऱ्या हनुवटीकडे बघताना तिला भीतीच आठवली नाही. "तुझ्याइतका चांगला माणूस," ती म्हणाली, "मी या जन्मात पाहिला नाही."

शब्द बाहेर पडले आणि तिने ते ऐकले. उघडे. तीन शब्द मागे राहिले होते. तिचा हात तोंडाकडे गेला, डोळे विस्फारले, पण घशातून आवाजच फुटेना…

आणि लोर्कन ताडकन उठून बसला. "देव भलं करो!" तो ओरडला. "देव भलं करो माझं! ऐकलंत का हो, देव भलं करो!" चहूकडच्या धुक्याला बजावून सांगत त्याने ब्रोनाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. त्याचे हात थंडीने कापत होते… की भीतीने, कोण जाणे.

"तुझा कुठे विश्वास आहे या सगळ्यावर?" तिने कसंबसं विचारलं.

"नव्हता. पण आजवर माझ्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं गं."

ब्रोनाने त्याच्या चिखलट खांद्यावर डोकं टेकवलं. धुकं विरळ व्हायला लागलं होतं, फळ्यांवरच्या पाहुण्यांच्या टोप्या एकेक करून दिसू लागल्या.

"सापडला का हो?" मिसेस क्विल्टींची हाक आली. "आम्हाला सगळं ऐकू आलं बरं का! बघू तरी ते कान!"

जवळ आल्यावर त्यांनी कान दोन्ही बाजूंनी निरखून पाहिले. "छे, काही मोठे नाहीत. चांगले देखणे आहेत की!" आणि सगळे शिक्षक वर्गात म्हणावं तसं एका सुरात म्हणाले, "देव भलं करो!"

दुपारची बस गेली. डेलिया मावशीने दारातून पाहिलं, तर दोघे येत होते, दोघांचेही कोट उलटे, त्याच्या एका पायात बूट नाही.

"हे काय ध्यान?" मावशीने विचारलं. "आणि याची बस?"

"गेली," ब्रोना म्हणाली. "आळशी आहे मावशी, बसही गाठता येत नाही त्याला. अगदी कुचकामी माणूस. आता शेजारच्या दलदलीचं काम मागून घेणार म्हणतोय. आयुष्यभर डोक्याला ताप होणार हा माझ्या."

मावशीने एकदा भाचीकडे पाहिलं, एकदा त्या मुलाकडे. तो कान लाल करून, तोंड भरून हसत होता.

"अगंबाई," मावशी हळूच म्हणाली आणि डोळे पुसत आणखी एक कप काढायला आत वळली. "इतका का आवडलाय तुला?"